बटण सैल, पण ढिले नव्हे

पावसाळ्यात खानापूरकडे रात्री लाइट गेली, की बॅटरीशिवाय गोठ्यात पाऊल टाकायची सोय नाही. पायाखाली काय असेल सांगता येत नाही. म्हणून हल्ली घरोघरी ‘वॉटरप्रूफ’ बॅटऱ्या आल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक तक्रारही: मागचे रबरी बटण हलते! ‘सर, पाणी जाणार हो आत. फेविक्विकने बसवून टाकू का?’ असे एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला विचारले. मी मराठी शिकवणारा माणूस. पण वस्तू उघडून बघायची खोड जुनी.

चिकटवू नका. पाणी अडते ते बटणाच्या मधोमध नव्हे, कडेला. वरची रबरी टोपी अखंड असते, तिला भोक नसते. तिची कड आतून आट्यांच्या कड्याने घट्ट आवळलेली असते. खरा स्विच त्या टोपीखाली थोडे अंतर सोडून बसवतात. बोटाला लागतो तो सैलपणा या अंतराचा.

आणि ते अंतर हवेच. रबर दाबले की त्याचा आकार बदलतो, पण आकारमान जवळजवळ तेवढेच राहते. म्हणून त्याला सरकायला जागा लागते. टोपी ताणून बसवली, तर सतत ताणाखालचे साधे रबर हवेतल्या ओझोनने लवकर चिरते, मग पाणी खरोखरच आत शिरते. शिवाय टोपी स्विचला टेकलेली असेल, तर पिशवीतल्या धक्क्यानेही दिवा लागून सेल संपतील. पाण्यात तर विचारूच नका. १० मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो जादा भार पडतो. दीड सेंटिमीटर व्यासाच्या बटणावर तो पावणेदोन किलो झाला, म्हणजे अंगठ्याचेच काम! त्यामुळे पाणबुड्यांच्या पुष्कळ बॅटऱ्यांत असे बटणच नसते. बाहेर लोहचुंबक सरकतो आणि आतला स्विच चालू होतो.

(सदरा सैल असतो, खिळा ढिला. हे बटण सदऱ्याच्या जातीचे.)

खोक्यावरच्या ‘आयपीएक्स७’चा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटे, एवढाच. बघायचे ते कडेकडे. टोपीला चीर नाही ना, झाकणाच्या आट्यांजवळची रबरी रिंग जागेवर आहे ना, तिला माती लागलेली नाही ना? रिंगला सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे. व्हॅसलिन नको, साधे रबर त्याने फुगते. आणि कडेसकट सगळे बटणच डुगडुगत असेल, तर मात्र ते ढिले. आतले कडे आवळून घ्या.