शटर उघडलं की गिऱ्हाईक कोण?

परवा एका मित्राचा फोन आला. एरवी जोक मारल्याशिवाय 'हॅलो' न म्हणणारा हा प्राणी चक्क गप्प! मग हळूच म्हणाला, "अरे, फोटोवाल्याने अ‍ॅडव्हान्स परत केला."

तो आणि त्याचा पार्टनर पाच वर्षं पुण्यात एकत्र राहतात. अ‍ॅनिव्हर्सरीचं फोटोशूट ठरलं होतं. स्टुडिओवाल्याला वाटलं, भाऊ-भाऊ असतील. खरं कळल्यावर मेसेज आला, 'सॉरी, आम्ही फक्त फॅमिली फोटो काढतो.'

मित्राचा सवाल सरळ होता. "स्टुडिओ त्याचा, कॅमेरा त्याचा. मग नाही म्हणायचा हक्कही त्याचाच ना?"

खरं सांगू? मला उत्तर सुचलं नाही. तोच प्रश्न डोक्यात घेऊन वीकेंडला घरी, दवनीवाड्याला गेलो. लहानपणापासून ज्यांच्याकडे केस कापतो, त्या काकांच्या खुर्चीत बसलो आणि नावगाव न सांगता सगळा किस्सा ऐकवला. कात्री थांबली नाही. काका म्हणाले, "शटर उघडलं म्हंजे येईल तो गिऱ्हाईक जी. दारू पिऊन आला तर हाकलतो, उधारी थकवली तर हाकलतो. पण तो घरी कोणासंग राहते, हे मी काहून विचारू?"

आता गंमत बघा. काकांच्या सलूनचा हा मुद्दा थेट घटना समितीत निघाला होता! तारीख २९ नोव्हेंबर १९४८. अनेक गावांत न्हावी दलितांचे केस कापत नसत, धोबी त्यांचे कपडे घेत नसत. दुकानात कुणाला मज्जाव नको, हे कलम चर्चेला आलं तेव्हा लाँड्री आणि सलूनचं काय, असा प्रश्न आला. डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा अर्थ असा, की मालक जिथे येणाऱ्याला सेवा द्यायला तयार असतो ते दुकान. नुसतं उंबऱ्याच्या आत येऊ देणं पुरेसं नाही, सेवाही मिळाली पाहिजे. आज हेच राज्यघटनेचं कलम १५(२) आहे.

मेख अशी, की त्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान एवढीच यादी आहे. गे असणं त्यात नाही. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं, की 'लिंग' या शब्दात लैंगिक कलही येतो. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. मग ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच कोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ च्या गुन्ह्यातून बाहेर काढलं आणि लैंगिक कलावरून भेदभाव चालणार नाही, हेही सांगितलं. ट्रान्सजेंडर व्यक्तींना सेवा नाकारायला २०१९ च्या कायद्याने बंदी घातली. गे ग्राहकासाठी संसदेने असा वेगळा कायदा केलेला नाही. म्हणजे मित्राच्या हातात कोर्टाचे शब्द आहेत, पण तक्रार घेऊन जायला सोपं दार नाही.

पण फोटोवालाही माणूस आहे, त्याच्या श्रद्धेचं काय? ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टासमोर अशा दोन केसेस आल्या. २०१३ मध्ये एका गे जोडप्याला डबल रूम नाकारणारे हॉटेलवाले हरले. २०१८ मध्ये बेलफास्टचे बेकरीवाले मात्र जिंकले. त्यांनी गे विवाहाला पाठिंबा देणारी घोषणा केकवर लिहायला नकार दिला होता. कोर्ट म्हणालं, त्यांचा आक्षेप त्या मजकुराला होता. गिऱ्हाईक कुणीही असतं तरी त्यांनी तो लिहिला नसता.

मला हा फरक पटतो. काय बनवायचं, हे दुकानदाराने ठरवावं. पण जे रोज सगळ्यांना विकतो, ते 'तू कोण' हे विचारून नाकारू नये. आमच्या फोटोवाल्याच्या शोकेसमध्ये हातात हात घेतलेली डझनभर जोडपी लटकतायत. मित्राने तीच फ्रेम मागितली होती. वेगळी होती ती फक्त माणसं.

"जाऊ दे ना, दुसरा स्टुडिओ शोध!" हा सल्ला मीही दिला होता. मित्राला दुसरा मिळालाही, कारण शहरात गल्लोगल्ली स्टुडिओ आहेत. पण दवनीवाड्यात? गावात पर्याय मोजकेच असतात. तिथे एकाने तोंड फिरवलं की बातमी आपल्याआधी पुढच्या दुकानात पोचते. मग साधे केस कापायलाही बस पकडावी लागते. आपल्या बापजाद्यांच्या गावांनी हे पाहिलंय, फक्त तेव्हा कारण जात होती.

फोटो छान आलेत. पण तो पहिला स्टुडिओ मित्राच्या ऑफिसच्या वाटेवरच आहे, आणि हल्ली तो लांबच्या रस्त्याने जातो.

तुमचंही एखादं शटर असेल, तर काकांचा प्रश्न एकदा स्वतःला विचारून बघा.