अर्धशिशी : गोळ्यांचाही हिशेब हवा

गल्ल्याच्या खणात डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी नाही, अशी पेढी विरळाच. कपाळ ठणकले की गोळी घ्यावी आणि पुढचे गिऱ्हाईक पाहावे, हा जुना शिरस्ता. साध्या डोकेदुखीत तो खपून जातो. अर्धशिशीत, म्हणजेच मायग्रेनमध्ये, तो महागात पडू शकतो.

मायग्रेन हा मज्जासंस्थेचा विकार असून पुष्कळदा तो घराण्यात चालत आलेला असतो. उपचार न झाल्यास एकेक झटका ४ ते ७२ तास टिकतो. बहुधा एका बाजूस ठणका, मळमळ, उजेड व आवाज असह्य होणे ही त्याची लक्षणे. काहींना आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट आहे. तरीही अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेल्या सुनेला कामचुकार ठरवणारी घरे आजही आहेत, हे खेदजनक होय.

झटक्याच्या प्रारंभीच गोळी घेतल्यास गुण चांगला येतो. मात्र साधी वेदनाशामके महिन्यातून १५ वा अधिक दिवस, किंवा ट्रिप्टान वर्गातील वा मिश्र गोळ्या १० वा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ पोटात गेल्या की त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागण्याचा संभव असतो. मुदलावर व्याज चढावे तसे हे दुखणे चढते. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवाव्या लागतात. पहिले काही दिवस त्रास वाढतो, म्हणून अनेकजण मध्येच धीर सोडतात.

वारंवार झटके येणाऱ्यांना प्रतिबंधक औषध देतात. चिठ्ठीवर प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन किंवा टोपिरामेट वाचून घरचे दचकतात, कारण ही औषधे अनुक्रमे रक्तदाब, नैराश्य आणि अपस्मार यांसाठीही वापरली जातात. मायग्रेनमध्येही ती उपयुक्त ठरली आहेत. परिणाम दिसण्यास मात्र काही आठवडे लागतात. सीजीआरपी या द्रव्याला अडवणारी खास मायग्रेनसाठीची इंजेक्शने २०१८ पासून निघाली, पण ती महाग आहेत.

जेवणाची वेळ टळणे, जागरण आणि उपवास यांनी अनेकांचा झटका उद्भवतो. पर्युषणात उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी अशा व्यक्तीने डॉक्टरांशी बोलून घ्यावे. अचानक, आयुष्यात कधी न अनुभवलेली तीव्र डोकेदुखी, हातापायातील बळ जाणे, ताप येऊन मान आखडणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे यांत घरगुती उपायांत वेळ दवडू नये. एरवी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखण्याची तारीख, घेतलेली गोळी आणि त्या दिवशीच्या जेवणाची वेळ नोंदवावी. तीन महिन्यांची ती पाने डॉक्टरांपुढे ठेवावीत.