विश्लेषण : ग्लायडर ओढणाऱ्या टो पायलटची तंदुरुस्ती का महत्त्वाची?

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली आणि वैमानिकांच्या विश्रांतीचा प्रश्न घराघरांत पोहोचला. चर्चा मात्र प्रवासी विमानांपुरतीच राहिली. ग्लायडर क्लबमध्ये दिवसभर दुसऱ्यांना आकाशात पोहोचवणाऱ्या टो पायलटसाठीही हा प्रश्न तितकाच गंभीर आहे. तंदुरुस्तीच्या याच नियमांमध्ये जव्हार-मोखाड्यातल्या मुलांच्या उपयोगाची एक गोष्ट आहे.

टो पायलट म्हणजे कोण?

ग्लायडरला इंजिन नसते. एक छोटे विमान त्याला साधारण ५० ते ६० मीटर लांबीच्या दोराने ओढत सुमारे २,००० फुटांवर नेते. तिथे ग्लायडर दोर सोडतो आणि वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने तरंगत राहतो. विमान पुढच्या ग्लायडरसाठी खाली येते. हे विमान चालवणारा तो टो पायलट.

धोका नेमका कुठे?

दोराला दोन टोके असतात, पण टो पायलटला मागचे फक्त आरशात दिसते. ग्लायडर अचानक टो विमानाच्या बराच वर गेला, तर दोर विमानाची शेपटी वर खेचतो आणि नाक जमिनीकडे वळते. हे काही सेकंदांत घडते. ब्रिटनमधील प्रशिक्षकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुरेशा उंचीवर याच्या मुद्दाम चाचण्या घेतल्या. काही प्रकारचे हुक ताण वाढल्यावर सुटतच नाहीत, हे त्यात दिसले. कमी उंचीवर असे झाले तर सावरायला जागाच उरत नाही. म्हणजे चूक मागच्याची असली तरी जीव आधी पुढच्याचा जातो. म्हणूनच टो विमान दिसेनासे झाले की ग्लायडरच्या वैमानिकाने लगेच दोर सोडायचा, हा नियम पहिल्या धड्यातच शिकवला जातो.

थकवा कसा साठतो?

एका टोला साधारण दहा मिनिटे लागतात. ऐकायला सोपे वाटते. पण दिवसात २० टो म्हणजे २० टेकऑफ आणि २० लँडिंग, आणि उड्डाणातले सर्वाधिक जोखमीचे टप्पे हेच. ग्लायडिंगला लागणारी वर चढणारी हवा उन्हामुळे तयार होते, त्यामुळे सर्वाधिक काम भर दुपारी असते. काचेखाली कॉकपिट तापते. वारंवार उतरावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायले जाते. शरीरातले पाणी कमी झाले की लक्ष आणि निर्णयाचा वेग दोन्ही घटतात. खाली रांग लागलेली असताना ‘आता बस’ म्हणणे अवघड जाते, तो दबाव वेगळाच.

वैद्यकीय प्रमाणपत्र पुरेसे नाही का?

भारतात खासगी आणि ग्लायडर वैमानिकांना क्लास २, तर व्यावसायिक वैमानिकांना क्लास १ वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. उड्डाणाआधीच्या १२ तासांत मद्यपानाला बंदी आहे. पण प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची प्रकृती सांगते. रात्री झोप झाली का, सर्दीने कान बंद आहेत का, हे ते सांगत नाही. विमान कंपन्यांच्या वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती २०२५ मध्ये ३६ वरून ४८ तासांवर नेण्यात आली. क्लबमध्ये मात्र दिवसाला किती टो करायचे, मध्ये किती वेळ थांबायचे, याची शिस्त मुख्य प्रशिक्षकानेच घालून द्यायला हवी.

महाराष्ट्रात काय स्थिती?

पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे ग्लायडर विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने तार गुंडाळून, वर चढवला जातो. त्यामुळे टो विमानाचा धोका टळतो. पण जबाबदारी विंच चालवणाऱ्यावर येते. तारेचा वेग कमी-जास्त झाला तर वर चाललेला ग्लायडर अडचणीत येतो. जमिनीवर बसलेल्या माणसाची झोप आणि नजरही म्हणूनच महत्त्वाची.

जव्हार-मोखाड्याशी संबंध काय?

या दोन तालुक्यांत ग्लायडर क्लब नाही. पण ग्लायडर परवान्यासाठी किमान वय १६ वर्षे आहे आणि आदिवासीबहुल भागांत सिकलसेल तपासणी शाळा-आश्रमशाळांपर्यंत पोहोचली आहे. ‘रक्तात सिकलसेल निघाले’ एवढे कानावर आले की वैमानिक होण्याचे स्वप्न तिथेच सोडण्याची गरज नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयकाओ) निकषांनुसार सिकलसेलचे वाहक असणे हे सहसा अपात्रतेचे कारण नसते. प्रत्यक्ष आजार असेल तर मात्र ऑक्सिजन कमी पडल्यावर धोका वाढतो.

मग काय करावे? प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीवरून वाहक की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीचा अहवाल हवा. तो लपवू नये. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांसमोर ठेवावा. अंतिम निर्णय त्या तपासणीवरच होतो.

थोडक्यात

टो पायलट असो वा विंचचालक, दोराच्या एका टोकाला असलेला माणूस थकला की दुसऱ्या टोकाचा जीव धोक्यात येतो. रोज उड्डाणाआधी ‘आज मी तंदुरुस्त आहे का?’ हे स्वतःला विचारणे आणि उत्तर ‘नाही’ असेल तर ते क्लबने मुकाट्याने मान्य करणे, हीच खरी सुरक्षा.