नोंदवही शाळेतच असू द्या

शाळांची ऑनलाइन माहिती कशी भरायची हे ठरवणारा माणूस बहुधा शहरात बसलेला असतो. तिथे रेंज गृहीत धरता येते. भोरमध्ये भाटघर धरणामागच्या गावांत किंवा वेल्ह्यात (आताचा राजगड तालुका) तोरण्याखालच्या वाड्यांत ती गृहीत धरता येत नाही. गुरुजी मोबाइल घेऊन रेंज शोधत फिरतात, वर्ग मात्र थांबतो. माझे म्हणणे एवढेच की नोंदवही शाळेतच असावी आणि नेट मिळेल तेव्हा तिची प्रत वर जावी.

हे अशक्य नाही. डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये सुरू केलेला काउचडीबी हा मोफत डेटाबेस असाच चालतो. त्यात ठरावीक रकान्यांचे तक्ते नसतात. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र कागद असतो. ब्राउझरमध्ये दिसणारे फॉर्मही त्याच डेटाबेसमध्ये ठेवता येतात, म्हणजे डेटाबेसची प्रत केली की ॲपही सोबत येते. ओपन लर्निंग एक्स्चेंज या संस्थेने याच पद्धतीने घानातल्या शाळांना डिजिटल ग्रंथालय दिले. ते रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालले.

स्वतंत्र कागदाची किंमत उर्दू शिकवणाऱ्याला लगेच कळते. ज़ाल, ज़े, ज़ोय ही तिन्ही अक्षरे मराठीत एकाच 'ज'मध्ये जातात. त्यामुळे नुसत्या मराठी नावावरून उर्दूतले लेखन परत मिळत नाही. इथे त्या मुलीच्या कागदावर उर्दू नाव जोडता येते. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी मुलाच्या कागदावर नव्या शाळेचे नाव चढते. इतरांच्या कागदांना हात लावावा लागत नाही.

अडचणीही आहेत. डेटाबेस वाचण्याची परवानगी असलेल्याला त्यातले सगळे कागद दिसतात. म्हणून प्रत्येक शाळेचा डेटाबेस वेगळा हवा आणि आधार क्रमांक त्यात नकोच. एकच नोंद दोन ठिकाणी बदलली, तर काउचडीबी एक पुढे ठेवतो, पण दुसरीही जपतो. खरी कोणती, हे शिक्षकाने ठरवावे. मुलाला ओळखणारा तोच असतो.

मुलाची माहिती ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. पुढचे पोर्टल सुरू करण्याआधी ते वेल्ह्यातल्या एखाद्या बिनरेंजच्या शाळेत आठवडाभर चालवून पाहावे. तिथे चालले, तर पुण्यातही चालेल.