डांबराआधीची मोजणी



२०२४ साली वसुबारसेच्या संध्याकाळी गायवासराची पूजा आटोपून आम्ही नागपूरहून देवरीकडे निघालो. साकोली मागे पडली, दोन्ही बाजूंची झाडी जवळ आली आणि पुढच्या ट्रकने एकाएकी गाडी डावीकडे घेतली. रस्त्यात चितळाची मादी पडली होती. मागून येणाऱ्यांना दिसावं म्हणून दिवे चालू ठेवून गाडी उभी केली आणि दोघांनी मिळून तिला ओढत कडेला घेतलं. अंग अजून गरम होतं. ओढताना हात कासेला लागला आणि बोटं ओली झाली. दूध होतं.

चितळाची मादी पाडसाला सुरुवातीचे दिवस गवतात दडवून ठेवते आणि स्वतः चरायला जाते. पाडस हलत नाही, आवाज करत नाही, आई येईपर्यंत पडून राहतं. बॅटरी घेऊन आम्ही रस्त्याच्या कडेने बराच वेळ शोधलं. ते सापडण्यासारखं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी हे कुठे कळवायचं म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन केले. एकीकडे सांगितलं, ती हद्द आमची नाही. दुसरीकडे विचारलं, वाघ-बिबट होतं का? नव्हतं. मग राहू द्या. माणसं वाईट नव्हती. त्यांच्यापाशी हरणासाठी रकाना नव्हता, एवढंच.

साकोली ते देवरी हा टापू मराठी वाचकाला परका नाही. रस्त्याच्या उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव. व्यंकटेश माडगूळकर एका बाजूच्या जंगलात जाऊन राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ लिहिलं. मारुती चितमपल्लींनी दुसऱ्या बाजूच्या जंगलात नोकरी केली आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. हा अंक जुळवताना दोन्ही पुस्तकं पुन्हा काढली, तेव्हा ध्यानात आलं की आपल्या भाषेतल्या दोन मोठ्या जंगलपुस्तकांच्या मधून एक महामार्ग जातो: पूर्वीचा सहा नंबरचा, आताचा ५३. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही जंगलं मिळून एक व्याघ्रप्रकल्प झाला. कागदावर ती जोडली गेली आहेत. जमिनीवर त्यांना जोडायचं काम जनावरांच्या पायांनी व्हायचं आहे, आणि ते पाय डांबरावरून जातात.

यंदाच्या अंकाचा विषय ‘रस्ता’ आहे. घाटातले, गल्लीतले, वारीचे, ऊसतोडीचे असे पुष्कळ रस्ते पुढच्या पानांत भेटतील. संपादकीयाची जागा मी हरणांसाठी घेतो आहे, आणि त्यांच्यासाठी दया मागत नाही, पैसे मागतो आहे. रस्त्यामुळे हरणांचं काय होतं हे शोधून काढायला लागणारे पैसे.

सगळं तर दिसतंच आहे, गाडीखाली जनावर मरतं, त्यात शोधायचं काय, असं कोणी विचारील. मीही असाच विचार करत होतो. पण मेलेली हरणं मोजणं वेगळं आणि हरणांच्या संख्येवर झालेला परिणाम मोजणं वेगळं. समजा, एका पट्ट्यात पहिल्या वर्षी वीस हरणं मेली आणि पाचव्या वर्षी दोनच. रस्ता सुरक्षित झाला म्हणायचं? तसंही असेल. किंवा वाहनं इतकी वाढली की हरणांनी तिथून ओलांडणंच सोडलं. किंवा कडेला हरणंच उरली नाहीत. तिन्ही शक्यतांत रस्ता तितकाच स्वच्छ दिसतो. फार वर्दळीच्या महामार्गांबद्दल जगभरचा अनुभव हाच आहे: रहदारी एका मर्यादेपलीकडे गेली की रस्ता मारणारा न राहता अडवणारा होतो. भिंत बांधलेली दिसत नाही, पण असते. शिवाय मेलेल्यांची मोजणीही सरळ नाही. कोल्हे-कुत्री रात्रीतून शव ओढून नेतात, लहानसं भेकर सकाळपर्यंत चाकांखाली ओळखू न येण्याजोगं होतं. आणि दुभती मादी मेली तर नोंद एकाची होते, जीव दोन जातात.

कर्नाटकातल्या नागरहोळेमध्ये संजय गुब्बी आणि सहकाऱ्यांनी या भिंतीचा माग काढला. म्हैसूर-मानंदवाडी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद होता आणि एक चालू. दोन्हींच्या कडेला कॅमेरे लावले. चालू तुकड्याच्या कडेला चितळ, रानगवे आणि हत्ती कमी दिसले. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जंगल तेच, गवत तेच, फरक फक्त गाड्यांचा. असा जोड-तुकडा तयार मिळणं हे नशीब होतं. सगळीकडे ते मिळत नाही, आणि म्हणूनच रस्त्याच्या आधीची मोजणी लागते.

आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण पेंचचं. नागपूर-सिवनी महामार्ग चौपदरी करताना बरीच वर्षं वाद झाले, प्रकरण न्यायालयांत गेलं आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा ठेवल्या गेल्या. सर्वांत अरुंद वाट ५० मीटरची, सर्वांत रुंद ७५० मीटरची. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले. २०१९ च्या मार्च ते डिसेंबर या काळात १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना दिसले. त्यांत ११ वेगवेगळे वाघ होते. वर्तमानपत्रांत वाघांचे फोटो आले आणि ते यावेतही. पण सर्वांत जास्त ये-जा होती चितळांची.

हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता. तरी पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो, म्हणून अकरा वाघ म्हणजे अकराच वाघ. चितळाचे हजार फोटो म्हणजे हजार चितळं नव्हेत. तोच कळप रोज संध्याकाळी त्याच वाटेने गवतावर येत असेल. त्या दोन बाजूंची चितळं वाढली, घटली की आहेत तेवढीच राहिली, हे फोटोंच्या आकड्यावरून निघत नाही. त्यासाठी रस्ता रुंद होण्याआधी काही वर्षं आणि झाल्यानंतर बरीच वर्षं, त्याच पायवाटांवर, त्याच पद्धतीने मोजत राहावं लागतं. रस्त्यापासून दूरचं एखादं जंगलही तसंच मोजावं लागतं, म्हणजे दुष्काळाचा परिणाम कोणता आणि डांबराचा कोणता हे वेगळं काढता येतं. काही जनावरांच्या गळ्यात माग काढणारी कॉलर लावावी लागते, लेंड्या गोळा कराव्या लागतात.

लेंड्यांवरून बरंच काही कळतं. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने मध्य भारतातल्या सांबरांच्या लेंड्या आणि रानगव्यांचं शेण गोळा करून त्यांतून डीएनए काढला. एका जंगलातल्या जनावरांचं रक्त दुसऱ्या जंगलात पोचतं आहे का, हे त्यावरून कळतं. २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात रस्ते आणि माणसाचा वावर दोन्ही जातींच्या आड येतो असं दिसलं, गव्याच्या जास्त. ही तुटातूट डोळ्यांना दिसत नाही. कळप चरताना दिसतो, शिंगं डौलदार असतात, पर्यटक खूश होतात, आणि आत पिढ्यान्‌पिढ्या नातं आटत जातं.

वेळेचा मुद्दा मला पैशांहून महत्त्वाचा वाटतो, म्हणून बाहेरच्या दोन जागांबद्दल सांगतो. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून देशाचा मुख्य महामार्ग जातो. तिथे कुंपण घातलं, रस्त्यावरून ६ आणि खालून ३८ वाटा दिल्या आणि १९९६ पासून टोनी क्लेव्हेंजर व इतरांनी सलग नोंदी ठेवल्या. एल्क नावाचं तिथलं मोठं हरीण सर्वांत आधी या वाटांवर आलं, काही ठिकाणी तर बांधकाम चालू असतानाच. ग्रिझली अस्वलांना मात्र सरावायला पाच-पाच वर्षं लागली. आज तिथे हरीण-एल्कांचे अपघात ९६ टक्क्यांनी घटले आहेत. अभ्यासाचा पैसा तिसऱ्या वर्षी संपला असता, तर अस्वलांच्या बाबतीत ‘योजना फसली’ असा अहवाल गेला असता आणि तो खरा मानला गेला असता.

दुसरी जागा चेक-जर्मन सीमा. शीतयुद्धात तिथे विजेच्या तारांचं कुंपण होतं. ते निघून वीस-पंचवीस वर्षं झाली, तरी दोन्हीकडची तांबडी हरणं जुन्या रेषेपाशी येऊन मागे फिरतात, असं कॉलर लावलेल्या हरणांवरून दिसलं. कुंपण पाहिलेलं एकही हरीण तेव्हा जिवंत नव्हतं. पाडसं आईमागून चालतात, आई जिथून वळली तिथून वळतात. आपण आज जो रस्ता आखतो, तो मादीच्या पावलांतून पुढच्या किती पाडसांपर्यंत जाईल, हे तीन वर्षांच्या प्रकल्पाला कसं समजणार?

आता पैशांचं. अमेरिकेने २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात जनावरांच्या वाटांसाठी पाच वर्षांकरता ३५ कोटी डॉलर ठेवले. शिवाय तिथली राज्यं वर्गणी काढून एकत्र संशोधनही करतात. त्यांना हिशेब कळला आहे, कारण हरणाच्या धडकेत तिथे माणसंही मरतात. आपला हिशेब मी घरच्या घरी मांडून पाहिला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याचा खर्च ढोबळमानाने ५५ हजार कोटी. हजारात एक रुपया बाजूला काढला असता, तर ५५ कोटी झाले असते. संशोधकांची एक तुकडी, कॅमेरे, कॉलर, प्रयोगशाळा आणि दहा वर्षांचे पगार एवढं सगळं त्यात भागून उरलं असतं.

समृद्धीवर जनावरांसाठी वाटा बांधल्या आहेत, आणि हे पाऊल मोठं आहे. पण तो रस्ता कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या टापूतून जातो, आणि काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी. दूरवर नजर पोचली तर तो निर्धास्त. झाडीतल्या सांबराला जी वाट चालते ती त्याला चालेलच असं नाही. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये हेच दिसलं: माळावरचा प्रॉन्गहॉर्न रस्त्यावरच्या पुलावरून जाणं पसंत करतो आणि म्यूल हरीण खालून. आपण बोलताना सगळ्यांना ‘हरीण’ म्हणतो. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगं गळतात आणि नवी येतात, काळवीट-चिंकाऱ्यांची जन्मभर तीच राहतात. वंश निराळे, सवयी निराळ्या. त्यांना एकाच मोरीतून पाठवायचं ठरवण्याआधी त्यांना विचारावं लागतं, आणि विचारायची रीत म्हणजे अभ्यास.

माझी मागणी अगदी कोरडी, हिशेबी आहे. रस्त्याच्या अंदाजपत्रकात भूसंपादन, खडी, डांबर, दुभाजक यांच्या शेजारी एक ओळ वन्यजीव-अभ्यासाची असावी. तो पैसा आखणीच्या आधी सुटावा आणि रस्ता खुला झाल्यावर किमान दहा वर्षं चालावा. तो रस्ता बांधणाऱ्याच्या हाती नसावा, एखाद्या विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या हाती असावा. आणि निष्कर्ष गैरसोयीचे निघाले तरी छापले जावेत. आज बहुतेक वेळा अभ्यासक बोलावला जातो तो मंजुरी अडल्यावर, एखाद्या ऋतूपुरता. पावसाळा त्याने पाहिलेलाच नसतो.

रस्ते नकोत असं मी म्हणत नाही. देवरीच्या पलीकडच्या गावांतून बाळंतपणासाठी निघालेल्या बाईला गोंदिया-नागपूर लवकर गाठता यावं, यासाठी तो रस्ता हवाच आहे. त्या रात्री मीही त्याच रस्त्याने, त्याच वेगाने चाललो होतो. ट्रकऐवजी आमचीच गाडी पुढे असती तर?

जंगलाच्या बाजूने लिहिणाऱ्यांना आमच्या अंकाने नेहमी जागा दिली. या वर्षापासून एक पान आणखी ठेवतो आहोत. दिवाळीच्या प्रवासात रस्त्यावर मेलेलं जनावर दिसलं, तर तारीख, वेळ, जवळचा किलोमीटरचा दगड आणि ओळखू आलं तर जनावराचं नाव एवढं आम्हाला लिहून पाठवा. गाडी सुरक्षित उभी करता आली तरच थांबा. जमा झालेल्या नोंदी आम्ही अभ्यासकांकडे देऊ. ही शास्त्रीय मोजणी नव्हे, याची मला जाणीव आहे. पण कोरा रकाना भरायला सुरुवात तरी होईल.

पहिली नोंद मीच करतो. २८ ऑक्टोबर २०२४, वसुबारस. रात्री साडेदहाच्या सुमारास. साकोलीच्या पुढे, देवरीकडे जाताना डाव्या हाताला. चितळ, मादी, दुभती. पाडस आढळलं नाही.

— संपादक