आधी ओढा, मग रस्ता



मुळशी, मावळ, भोरकडच्या ‘निसर्गाच्या कुशीतील’ प्लॉटच्या पानभर जाहिरातींत झाडे दिसतात. साइटवर मात्र आधी दिसतो तो रस्ता : ९ मीटर रुंद, टेकडीच्या उतारावर सरळ चढवलेला. एकही बंगला उभा नसतो, पण ओढ्याचे वळण जेसीबीने बुजवलेले असते आणि बांधावरचा उंबर गेलेला असतो. अशा वसाहतींत जमिनीचे पहिले नुकसान घरे करत नाहीत, रस्ते करतात.

अमेरिकी नियोजनकार रँडल अ‍ॅरेंट यांनी नव्वदच्या दशकात हे टाळण्यासाठी साधा क्रम मांडला. आधी राखायची जमीन ठरवा : ओढे, झाडी, तीव्र उतार. मग घरांच्या जागा, त्यानंतर रस्ते आणि पायवाटा; प्लॉटच्या हद्दी सर्वांत शेवटी. आपल्याकडे रस्ते आणि हद्दी आधी पट्टीने आखतात आणि उरलेल्या अडनिड्या तुकड्यावर ‘ओपन स्पेस’ लिहितात.

३०० मीटर लांब, ९ मीटर रुंद काँक्रीट म्हणजे २,७०० चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस झाला की त्यावर १,३५,००० लिटर पाणी पडते, दहा हजार लिटरचे तेरा टँकर भरतील एवढे. ते जवळजवळ सगळे गटारातून खाली जाते आणि एप्रिलमध्ये हीच सोसायटी टँकर मागवते. असे पाणी एकदम ओढ्यात उतरले की पूर येतो; २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने पुण्यात जीव घेतले, ते आपण इतक्यात विसरायला नको होते.

रस्त्याची हद्द ९ मीटर राहू द्या. काँक्रीट ५ मीटर पुरे. दोन्हीकडे खडी-मुरूम दाबून साइडपट्टी आणि तिला लागून गवताचा उथळ चर करा. ‘बंब कसा येणार?’ हा प्रश्न रास्त आहे. पण बंब अडीच मीटरच्या आसपास रुंद असतो. त्याला वळणावर आणि रस्त्याच्या टोकाला वळायला जागा लागते. ती जरूर ठेवा. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे मायकेल आणि जुडी कॉर्बेट यांनी सत्तरच्या दशकात ‘व्हिलेज होम्स’ वसवताना रस्ते अरुंद ठेवले, पावसाचे पाणी उघड्या चरांत सोडले, घरांपुढून पायवाटा नेल्या. तेव्हा नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांचाही विरोध होता.

तीन-चार प्लॉटना मिळून एकच प्रवेशमार्ग ठेवला, तर आणखी बरीच जमीन वाचते. सामाईक रस्ता म्हटले की लोक धास्तावतात, कारण शेतरस्त्याचे तंटे घेऊन तहसीलचे हेलपाटे घातलेली माणसे गावोगाव आहेत. पण यातले बहुतेक तंटे तोंडी वहिवाटीचे असतात. रुंदी किती, दुरुस्तीचा वाटा कोणाचा किती, तिथे गाडी उभी करायची नाही, हे प्रत्येक खरेदीखतात आणि नकाशावर आले की भांडणाला फारशी जागा उरत नाही.

आणि गावकऱ्यांच्या जुन्या पायवाटा कंपाउंडने तोडू नका. ओढ्याकडे गुरे नेणाऱ्याला, शाळेच्या पोरांना रोज मोठा वळसा घालायला लावून निसर्ग राखला, असे कोणी म्हणू नये.

नगररचना विभागाने आता एवढे करावे : समोच्च रेषा, ओढे, मोठी झाडे आणि चालू पायवाटा दाखवणारा नकाशा जोडल्याशिवाय लेआउटचा प्रस्ताव दाखलच करून घेऊ नये. प्लॉट घेणाऱ्यांनीही बुकिंगची रक्कम देण्याआधी हाच नकाशा मागावा.

– एक वाचक, पौड (ता. मुळशी)