जाहीर कार्यक्रम कोणासाठी?

मोठ्या शहरातील वस्तुसंग्रहालयात नव्या कलेचे प्रदर्शन भरले की त्याला जोडून कार्यक्रमांची एक लांबलचक मालिका जाहीर होते. कलावंताशी संवाद, अभ्यासकांची व्याख्याने, चित्रपटांचे खेळ, शाळकरी मुलांची शिबिरे, वाटाड्यासह फेरी असे तिचे स्वरूप असते. प्रदर्शन पाहून जो गोंधळून जाईल त्याला हाताशी धरून आत नेणे हा या कार्यक्रमांचा हेतू सांगितला जातो, आणि तो योग्यच आहे. प्रत्यक्षात मात्र सभागृहात बसलेली मंडळी बहुधा गोंधळून न जाणारीच असतात. भाषा इंग्रजी, वेळ सायंकाळची, स्थळ दक्षिण मुंबई. अशा कार्यक्रमाला जाहीर म्हणायचे ते एवढ्याच अर्थाने, की दारावर कोणी अडवत नाही.

हा प्रश्न व्हिडिओकलेच्या बाबतीत अधिक बोचतो. ही कला जन्मली तीच मुळी घराघरांत शिरलेल्या एका यंत्राशी भांडण करीत. १९६३ साली पश्चिम जर्मनीतील वुपर्टाल येथे नाम जून पाइक या कोरियन कलावंताने दूरचित्रवाणी संच एका दालनात मांडून त्यांवरील चित्रे मुद्दाम बिघडवून दाखविली. एकाने दाखवावे आणि लाखोंनी निमूटपणे पाहावे, ही त्या पेटीची रीत त्याला मान्य नव्हती. भारतातील सुरुवात १९६९ ची म्हणावी लागेल. अकबर पदमसी यांना मिळालेल्या जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्तीच्या रकमेतून मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभे राहिले आणि चित्रकारांच्या हाती कॅमेरा आला. जे. जे. कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मालानी तेथे काम करू लागल्या. मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते त्यानंतर, १९७२ साली. म्हणजे सर्वसामान्यांच्या घरी संच येण्यापूर्वीच या शहरात हलत्या चित्रांचा वेगळा विचार सुरू झाला होता. त्या प्रयोगांची हेळसांडही लगेच सुरू झाली. पदमसींच्या दुसऱ्या लघुपटाची एकुलती एक प्रत हरवली ती हरवलीच.

कराचीत १९४६ साली जन्मलेल्या आणि फाळणीने भारतात आलेल्या मालानींनी १९९८ च्या मे महिन्यातील पोखरणच्या अणुस्फोटांनंतर जी कलाकृती उभी केली, तिची आठवण रत्नागिरी जिल्ह्यात आवर्जून काढली पाहिजे. सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेवर ती आधारलेली आहे. फाळणीनंतर दोन्ही देशांनी वेड्यांचीही वाटणी करावयाचे ठरविले आणि बिशन सिंग नावाचा वेडा सरहद्दीच्या मधल्या पट्ट्यात कोसळला, ती ही कथा. मालानींनी दालनाच्या समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया दाखविल्या. एक इकडची, एक तिकडची. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात आणि मधल्या अंतरामुळे ती नीट जमत नाही. आणखी एका भिंतीवर अणुस्फोटाचे ढग. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका, आणि उघड्या ट्रंकांत कपड्यालत्त्यांच्या सोबतीला दूरचित्रवाणीचे बारा लहान संच, त्यांवर विस्थापितांची चित्रे. १९९९ साली हे सारे मुंबईत मांडले गेले ते एखाद्या खाजगी कलादालनात नव्हे, तर लोकांच्या तोंडी प्रिन्स ऑफ वेल्स हेच नाव असलेल्या वस्तुसंग्रहालयात. शाळांच्या सहली आणि परगावची कुटुंबे जेथे मूर्ती नि तलवारी पाहायला येतात, तेथे. ही निवड त्या कलाकृतीइतकीच महत्त्वाची होती.

पत्र्याची ट्रंक म्हणजे काय हे कोकणी माणसाला व्याख्यान देऊन सांगावे लागत नाही. गिरणगावातल्या खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत, तेव्हा प्रत्येकाच्या मालकीची जागा म्हणजे त्याची ट्रंक होती. गणपतीला ती गावी येई आणि शिमग्याला पुन्हा येई. १९८२ च्या संपानंतर अनेकांच्या ट्रंका गावी आल्या त्या परत गेल्याच नाहीत. लाहोर-अमृतसरच्या निर्वासिताची ट्रंक आणि राजापूर-लांज्याच्या चाकरमान्याची ट्रंक यांत फरक पुष्कळ आहे. पण तो फरक समजावून घेण्याची सुरुवात ट्रंकेपासूनच होऊ शकते. मुंबईच्या दालनातील जाणकारापेक्षा येथे रत्नागिरीचा प्रेक्षक दोन पावले पुढे आहे.

राहिला अणूचा प्रश्न. राजापूर तालुक्यातील माडबन आणि शेजारच्या गावांची ९०० हून अधिक हेक्टर जमीन जैतापूर प्रकल्पासाठी घेण्यात आली. प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांची ही मूळ योजना होती. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली, आणि महिना उलटतो न उलटतो तोच १८ एप्रिलला साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण ठार झाला. त्याआधी, मे २०१० मध्ये, पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली होती. अहवालाचा मराठी अनुवाद गावांना वेळेवर मिळाला नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. जनसुनावणी आणि वस्तुसंग्रहालयातील जाहीर कार्यक्रम यांची तुलना कोणाला ओढूनताणून केलेली वाटेल. पण दोन्हींत रोग एकच आहे. लोकांच्या नावाने बोलावलेल्या बैठकीत लोकांच्या भाषेतला कागद नसतो. मग बोलणारे बोलतात, इतिवृत्त लिहिले जाते आणि ‘लोकसहभाग’ या रकान्यात खूण होते.

‘हे सारे कोकणातल्या माणसाला कळणार काय?’ असा प्रश्न काही सुशिक्षित विचारतील. दुर्दैवाने चळवळीतील काही कार्यकर्तेही तो विचारतात. त्यांच्या लेखी अशी कला म्हणजे श्रीमंतांचा चाळा. दोघांनाही उत्तर पिंगुळीला मिळेल. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत हे कुडाळजवळचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातच होते. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ पिढ्यान् पिढ्या जपला. पडद्यामागे दिवा, दिव्यापुढे रंगविलेली चामड्याची बाहुली, पडद्यावर सावली आणि सोबत कथेकऱ्याचा आवाज. मालानी पारदर्शक नळकांड्यांवर उलट्या बाजूने चित्रे रंगवितात, ती फिरती ठेवून त्यांतून प्रकाश सोडतात आणि भिंतीवर सावल्यांचा खेळ मांडतात. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रेक्षकाला त्या खेळाची ओळख करून द्यावी लागली असेल. ज्याच्या आज्याने पिंगुळीचा खेळ पाहिला आहे त्याला ती जन्मतःच आहे. त्या समाजातील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा जिल्ह्यात सत्कार झाले. त्यांची कला आणि आजची व्हिडिओकला एका दालनात शेजारी-शेजारी ठेवून पाहावी, ही कल्पना मात्र त्या सत्कारांच्या गर्दीत कोणाला सुचल्याचे ऐकिवात नाही.

दालन रत्नागिरीत आहे. थिबा राजवाड्यात शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले, १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले आणि १९१६ साली त्याचा अंत येथेच झाला. दिल्लीचा बहादूरशहा रंगूनला नेऊन ठेवायचा आणि मंडालेचा थिबा रत्नागिरीला, अशी ही साम्राज्याची अदलाबदल होती. वेड्यांची अदलाबदल करणाऱ्या सरकारांना हा धडा त्यांच्या आधीच्या सरकारने घालून दिला होता. ज्या घरात एक माणूस आपल्या मुलखाकडे परत जाण्याची वाट पाहत मेला, त्या घरात ‘टोबा टेक सिंग’ दाखविला तर अर्थ सांगायला फार पंडितांची गरज पडू नये.

मूळ कलाकृती आणणे सोपे नाही. ती ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीच्या संग्रहात आहे. आपल्या बॉम्बविषयीचे आपले चित्र पाहायला आपल्यालाच समुद्र ओलांडावा लागावा, यावर शासनाच्या सांस्कृतिक खात्याने एकदा तरी विचार करावा. पण मालानींचे आणि इतर भारतीय कलावंतांचे काम रीतसर परवानगीने दाखविणे ही काही गगनाला गवसणी नाही. एक काळोखी खोली, दोन प्रोजेक्टर, बरे ध्वनियंत्र आणि वीज गेली तर जनरेटर, एवढे साहित्य लागते. जिल्हा नियोजन समितीसमोर दरवर्षी जे आराखडे येतात त्यांत सुशोभीकरणाच्या नावाखाली याहून कितीतरी मोठ्या रकमा बसविल्या जातात. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधून प्रदर्शन फिरविण्यास आरंभ केला, तो उपक्रम चांगला आहे. तथापि बस येते आणि जाते. राजवाडा जागच्या जागी आहे.

खरा कस लागेल तो जोड-कार्यक्रमांत. मंटोची कथा मराठीत मोठ्याने वाचून दाखविली जावी. पिंगुळीच्या कलावंतांना नमुना म्हणून नव्हे, तर त्याच व्यासपीठावर बरोबरीचे म्हणून मानधनासह बोलवावे. माडबन आणि साखरी नाट्याच्या स्त्रियांना ती साडीची घडी दाखवून त्यांना काय दिसले ते आधी विचारावे, अभ्यासकाने नंतर बोलावे. अणुऊर्जेचे समर्थकही त्या सभेत असावेत आणि त्यांना कोणी ओरडून खाली बसवू नये. तसे झाले तर गोळीबार करणाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार उरत नाही. वस्तुसंग्रहालयाच्या अधिकाऱ्यांना असे विषय अडचणीचे वाटतील. त्यांच्यावरील दडपण खरे असते, म्हणूनच नगरवाचनालये, महाविद्यालयांची कला मंडळे आणि मच्छीमार सोसायट्या यांनी मिळून मागणी लेखी द्यावी, म्हणजे एकट्या अधिकाऱ्याच्या अंगावर ती येणार नाही.

आणि वेळापत्रक मुंबईचे नसावे. सायंकाळी साडेसहाला सुरू होणाऱ्या कार्यक्रमाला नाट्याहून आलेला माणूस परतीच्या एस. टी. च्या धास्तीने अर्ध्यावर उठेल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पण त्याच दिवसांत खलाटीत लावणीची घाई असते. तेव्हा लावणी आटोपल्यानंतरचा जुलैअखेरचा एखादा रविवार, दुपारी बाराची वेळ आणि राजापूरपर्यंत एक जादा गाडी, एवढे ठरविण्यासाठी तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आतापासूनच आगारप्रमुखांना भेटावे.